मॉर्मन पंथाचा तत्त्ववेत्ता ऑर्सन प्रॅट

देवाला हात आहेत काय, असा प्रश्न एका खेड्यांतील शास्त्राभ्यासाच्या वर्गांत एका वृद्ध शेतकऱ्यानें आम्हांस विचारला. स्तोत्रांत देवाच्या हाताचें, त्याच्या डोळ्यांचें, त्याच्या सिंहासनाचें वर्णन जागोजाग येतें; मग देव आत्मा आहे, त्यास शरीर नाहीं, हें तुमचें शिकविणें कसें जुळावयाचें, असें त्याचें म्हणणें. आम्हीं सेमिनरींत शिकलेलें उत्तर दिलें कीं, हीं मनुष्याच्या समजुतीसाठीं योजिलेलीं रूपकें आहेत. त्यानें मान हालविली. पण समाधान झालें नाहीं, हें त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतें. जातांना तो इतकेंच बोलला कीं, ज्याला हात नाहींत, डोळे नाहींत, राहण्यास ठिकाण नाहीं, तो असणें व नसणें ह्यांत फरक काय, तेवढें आपणांस उमगत नाहीं.

घरीं परततांना वाटेनें आम्हांस ऑर्सन प्रॅटची आठवण झाली. नेमका हाच प्रश्न त्यानें इ. स. १८४९ सालीं इंग्लंडांतील लिव्हरपूल शहरीं पुस्तकरूपानें छापून प्रसिद्ध केला होता. ज्यांस लोक मॉर्मन म्हणतात, व जे आपल्या मंडळीस येशू ख्रिस्ताची उत्तरकालीन संतांची मंडळी असें म्हणवितात, त्यांच्या पहिल्या प्रेषितांपैकीं तो एक होता. त्या मंडळीची संख्या आज तिच्याच गणतीनें १ कोटी ७० लाखांहून अधिक आहे. तिचें व आमचें मत मूळ गोष्टींतच निराळें आहे, आणि प्रॅटनें दिलेलीं बहुतेक उत्तरें आम्हांस मान्य नाहींत, हें आरंभींच सांगून ठेवितों. परंतु देवाच्या स्वरूपाविषयीं त्यानें जितक्या कळकळीनें विचार केला, आणि त्या विचारापायीं आपल्याच मंडळींत त्यानें जें सोसलें, तें आमच्या वाचकांनीं ऐकण्याजोगें आहे.

ऑर्सनचा जन्म ता. १९ सप्टेंबर १८११ रोजीं अमेरिकेंतील न्यूयॉर्क संस्थानांत हार्टफर्ड ह्या गांवीं झाला. बाप जारेड व आई चॅरिटी हीं गरीब, पण शास्त्र वाचणारीं व मुलांस तें वाचावयास लावणारीं होतीं. घरची स्थिति अशी कीं, मुलगा अकरा वर्षांचा होतो न होतो तोंच त्याला परक्यांच्या शेतावर कामास ठेवावें लागलें. आज एका मालकाकडे, तर पुढच्या वर्षीं दुसऱ्याकडे. शाळा म्हणजे हिवाळ्यांतील थोडे महिने. एवढ्या तुटपुंज्या शिक्षणावर त्यानें गणिताचा जो नाद धरला तो मरेपर्यंत सुटला नाहीं. इ. स. १८२९ च्या शरदऋतूंत, अठराव्या वर्षीं, त्यास आत्म्याची तळमळ लागली. घरचीं माणसें निजलीं म्हणजे तो उठून ओसाड शेतांत किंवा रानांत जाई, व देवानें आपणांस मार्ग दाखवावा म्हणून प्रार्थना करी. असें जवळ जवळ एक वर्ष चाललें.

त्याच सुमारास न्यूयॉर्क संस्थानांतच जोसेफ स्मिथ नांवाच्या एका शेतकऱ्याच्या तरुण मुलानें आपणांस दर्शनें झालीं असें जाहीर केलें होतें. इ. स. १८३० सालीं त्यानें मॉर्मनचें पुस्तक छापविलें, व त्याच वर्षीं ता. ६ एप्रिल रोजीं आपली मंडळी स्थापिली. ऑर्सनचा वडील भाऊ पार्ली हा तीस मिळाला, आणि घरीं येऊन त्यानें धाकट्या भावाला उपदेश केला. ज्या दिवशीं ऑर्सनला एकोणीस वर्षें पूर्ण झालीं त्याच दिवशीं पार्लीनें त्याला बाप्तिस्मा दिला. मग स्मिथास भेटण्यासाठीं तो सुमारें २०० मैल प्रवास करून गेला. रात्रीं शेतांत गुडघे टेकून ज्याची वाट पाहिली तो मार्ग हाच, असें त्यानें मनाशीं ठरविलें, व त्यानंतर पन्नास वर्षें तो त्या मार्गावरून हलला नाहीं. इ. स. १८३५ च्या एप्रिल महिन्यांत तो त्या मंडळीच्या पहिल्या बारा प्रेषितांत गणला गेला. त्या वेळीं त्याचें वय अवघें तेवीस होतें.

आतां त्या मंडळीचीं मतें काय हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. नाहीं तर पुढील वाद समजणार नाहीं. तीं एकदम ठरलीं नाहींत, हळूहळू ठरत गेलीं. इ. स. १८३५ सालीं त्यांच्या ग्रंथांत विश्वासावरचीं जीं व्याख्यानें छापिलीं होतीं त्यांत पित्याला आत्मरूप व्यक्ति म्हटलें होतें. (हीं व्याख्यानें पुढें १९२१ सालीं त्या ग्रंथांतून काढून टाकण्यांत आलीं.) परंतु इ. स. १८४३ सालीं स्मिथानें असें शिकविलें कीं, पित्यालाही मांस व हाडें असलेलें शरीर आहे, आणि ज्याला आपण आत्मा म्हणतों तोही जड द्रव्यच, मात्र अति सूक्ष्म. त्याच्या आधीं दहा वर्षें त्यानें असें सांगितलें होतें कीं, मनुष्यांत जी बुद्धि आहे ती कोणीं उत्पन्न केलेली नाहीं, ती अनादि आहे. आणि इ. स. १८४४ च्या एप्रिलांत, आपल्या मृत्यूपूर्वीं तीन महिने, त्यानें मोठ्या समुदायापुढें असें प्रतिपादन केलें कीं, देव हाही एके काळीं मनुष्य होता, चढत चढत तो देवपदास पोंचला, व तीच वाट मनुष्याला मोकळी आहे.

आमच्या मंडळ्यांत आपण असें शिकतों कीं, देवानें जग शून्यांतून उत्पन्न केलें. मॉर्मन म्हणतात, छे, कुंभार माती उत्पन्न करीत नाहीं, पडलेल्या मातीचें मडकें घडवितो. तसें देवानें अनादि द्रव्य घेऊन जग घडविलें. आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं वैशेषिकांचे परमाणु ऐकले आहेत, अथवा जीव, प्रकृति व ईश्वर हीं तिन्ही अनादि मानणाऱ्या आर्यसमाजी गृहस्थांशीं ज्यांचा बाजारांत वाद झाला आहे, त्यांस हें मत अगदींच अपरिचित वाटणार नाहीं. ह्या मतांत एक सोय आहे, ती आम्ही नाकारीत नाहीं. जगांत दुष्टपणा कोठून आला, सर्व कांहीं देवानें उत्पन्न केलें तर त्याचा दोष देवावर येत नाहीं काय, ह्या प्रश्नानें आम्हां उपदेशकांची तारांबळ उडते. मॉर्मन सरळ सांगतो कीं, तुझ्यांतील तो ‘तूं’ देवानें केलाच नाहीं. तूं पहिल्यापासूनच होतास व आपल्या मनाचा होतास. दोष टळतो खरा. पण मग जो सर्वांचा उत्पन्नकर्ता नव्हे, ज्याच्या भोंवतीं त्याच्याच इतकें जुनें द्रव्य व त्याच्याच इतके जुने जीव आहेत, त्याच्या पायां पडतांना मनुष्यानें कोणत्या अर्थानें त्याला सर्वसमर्थ म्हणावें? प्रॅटला हा प्रश्न आयुष्यभर सतावीत होता, असें त्याचे ग्रंथ पाहतां वाटतें.

पण ग्रंथांकडे वळण्यापूर्वीं एक दुःखाची गोष्ट सांगणें भाग आहे. इ. स. १८३९ पासून १८४१ पर्यंत प्रॅट ब्रिटनांत उपदेशासाठीं गेला होता. एडिंबरो शहरीं त्यानें एकट्यानें काम आरंभिलें व तेथें चांगली मोठी मंडळी जमविली. स्मिथाच्या पहिल्या दर्शनाची हकीकत प्रथम छापली गेली तीही त्याच्याच हातून, त्याच शहरीं, इ. स. १८४० सालीं. इलिनॉय संस्थानांत नॉव्हू येथें त्यांचें नवें नगर वसत होतें, तेथें तो परतला, तों त्याच्या कानीं आलें कीं, आपल्या गैरहजेरींत खुद्द संदेष्ट्यानें आपल्या पत्नीस, साराला, आपली आणखी एक पत्नी होण्याविषयीं विचारिलें. सारा तसें म्हणे. स्मिथ तें नाकारी. बहुपत्नीत्वाची शिकवण त्या काळीं गुप्तपणें चालली होती. आतां ऑर्सननें कोणावर विश्वास ठेवावा? संदेष्टा खोटा म्हणावा तर बारा वर्षांची श्रद्धा जाते. बायको खोटी म्हणावी तर घर जातें. इ. स. १८४२ च्या जुलैंत एके दिवशीं तो घरांतून निघून गेला, आणि त्यानें जिवाचें कांहीं बरेंवाईट केलें असेल ह्या भीतीनें गांवचे लोक त्याला शोधीत फिरले. तो सांपडला, परंतु स्मिथाच्या बाजूनें मत देण्यास त्यानें नकार दिला. ऑगस्ट महिन्यांत त्याला मंडळीबाहेर घालविण्यांत आलें. पांच महिने तो पत्नीच्या बाजूस उभा राहिला. मग ता. २० जानेवारी १८४३ रोजीं स्मिथाच्याच हातून त्याचा पुन्हां बाप्तिस्मा झाला व प्रेषितपद त्याला परत मिळालें.

त्या पांच महिन्यांत त्याच्या मनांत काय काय उलथापालथ झाली असेल ती देव जाणे. आम्ही एवढेंच म्हणतों कीं, ह्यापुढें तो तर्काकडे ज्या आवेशानें वळला त्याचें बीज कदाचित् येथें असावें. ज्याला माणसांवर भार टाकतां येत नाहीं तो गणितावर टाकतो. पण हें आमचें अनुमान आहे.

इ. स. १८४४ च्या जून महिन्यांत कार्थेज गांवच्या तुरुंगांत जमावानें स्मिथास ठार केलें. ब्रिघम यंग पुढारी झाला. इ. स. १८४७ सालीं तो पहिल्या तुकडीस घेऊन पश्चिमेकडील निर्जन प्रदेशांत नवें ठिकाण शोधण्यास निघाला. प्रॅट त्या तुकडीचा शास्त्रज्ञ होता. सूर्याची उंची मापून ठिकाण काढणें, वायुभारमापक पाहून डोंगराची उंची ठरविणें, हीं कामें त्याच्याकडे होतीं. ह्या प्रवासांतील एक गंमत लिहिण्याजोगी आहे. विल्यम क्लेटन नांवाचा एक जण रोजचें अंतर लिहून ठेवीत असे. त्यासाठीं त्यानें गाडीच्या चाकाला तांबडें फडकें बांधलें होतें व चाकाचे फेरे तो दिवसभर तोंडानें मोजीत चाले. ३६० फेरे झाले कीं एक मैल. बिचारा कंटाळून गेला. तेव्हां प्रॅटनें दांत्यांच्या चाकांचें एक यंत्र आंखून दिलें, व दुसऱ्या एका कारागिरानें तें लांकडाचें बनविलें. मग गाडी चाले आणि यंत्र मैल मोजी. ता. २१ जुलै रोजीं, म्हणजे यंगच्या तीन दिवस आधीं, प्रॅट व इरॅस्टस स्नो हे दोघे खाऱ्या सरोवराच्या खोऱ्यांत प्रथम उतरले. सॉल्ट लेक शहराचे रस्ते ज्या पहिल्या मापावर आंखले गेले त्यांत प्रॅटचा हात होता.

पुढल्या वर्षीं ब्रिटनांतील मंडळ्यांचा मुख्य म्हणून त्याला लिव्हरपूलला पाठविलें, आणि तेथें त्याची लेखणी खरी सुटली. टेल्डर नांवाच्या एका इंग्रज गृहस्थानें मॉर्मन लोक जडवादी आहेत असा आरोप करून एक पुस्तक लिहिलें होतें. प्रॅटनें आरोप झटकला नाहीं, उलट पदर पसरून घेतला. त्यानें विचारलें कीं, ज्याला लांबीरुंदी नाहीं, जें कोठेंच नाहीं, ज्याला भाग नाहींत व आकार नाहीं, अशा वस्तूचें वर्णन आणि शून्याचें वर्णन ह्यांत अंतर दाखवा. शरीर व भाग नसलेल्या देवाला मानणारे लोक नांवाला आस्तिक, पण वास्तविक ते शून्याला भजतात, असा त्याचा शेरा. शिवाय, आत्मा जर जागाच व्यापीत नाहीं तर तो शरीरांत आहे म्हणजे काय? मी हात उचलूं इच्छितों आणि हात उचलला जातो. जें द्रव्य नव्हे तें द्रव्याला ढकलतें कसें? हा दुसरा प्रश्न पोरकट नव्हे. फ्रान्सांतील मोठा तत्त्ववेत्ता डेकार्त ह्यास त्याच्या हयातींत हाच प्रश्न विचारण्यांत आला होता, व त्याचें उत्तर अद्याप सर्वांस पटेल असें कोणीं दिलेलें नाहीं.

पहिल्या प्रश्नाला मात्र उत्तर आहे, आणि गणित जाणणाऱ्या प्रॅटला तें सुचावयास पाहिजे होतें. सात ही संख्या किती लांब आहे? ती कोणत्या गांवीं असते? न्यायाचें वजन किती? ह्या वस्तु जागा व्यापीत नाहींत म्हणून त्यांस शून्य म्हणण्यास तो तरी तयार झाला असता काय? देव म्हणजे संख्येसारखी वस्तु, असें आमचें म्हणणें नाहीं. पण जागा न व्यापणारें तें नसलेलेंच, हा नियम फार घाईनें घातलेला आहे, एवढें त्यावरून दिसतें.

इ. स. १८५१ सालीं त्यानें आणखी एक पाऊल टाकलें. विश्वाच्या आदिकारणाविषयीं एक पुस्तक लिहून त्यानें असें मांडलें कीं, दूरच्या वस्तूनें दूरच्या वस्तूस ओढणें संभवत नाहीं; द्रव्याचा प्रत्येक कण स्वतःच हालतो, कारण प्रत्येक कणांत थोडीबहुत बुद्धि आहे, आणि नियम समजून तो पाळतो. न्यूटननें जें गुरुत्वाकर्षण म्हटलें तें ह्याच्या मतें कणांचें आज्ञापालन होय. वाचकांस हंसूं येईल. पण तो खेळ करीत नव्हता. त्याला एका विश्वाची गरज होती, ज्यांत कोणीं कोणास बळेंच ढकलीत नाहीं, धुळीच्या कणापासून देवदूतापर्यंत सर्व जण समजून उमजून वागतात.

आतां मुख्य वादाकडे येऊं. देव जर पूर्वीं मनुष्य होता, तर त्याचाही कोणी देव होता. त्या देवाचाही कोणी देव. असें मागें मागें जातां आरंभ कोठें? कोंबडी आधीं कीं अंडें आधीं, अशी ही सांखळी आहे. आणि ज्याला आपण भजतों तो तिच्यांतील मधली एक कडी असेल, तर एवढ्या कड्यांतून हीच कां धरावी? प्रॅटनें ह्यास जें उत्तर दिलें तें चतुर आहे. व्यक्ति अनेक, परंतु सत्य एक. प्रेम, न्याय, ज्ञान हे जे देवाचे गुण, ते ज्या ज्या व्यक्तींत परिपूर्ण भरले ती देव. व्यक्तीला आरंभ असेल, सत्याला आरंभ नाहीं. म्हणून आपण भजतों तें त्या एका अनादि सत्यास, मग तें कोणत्याही मंदिरांत वसो. अनेक घागरींत एकाच सूर्याचें बिंब पडतें ही उपमा आमच्या देशांत पोराबाळांस ठाऊक आहे. वेदांताचा विचार त्याच्या मनांत असेल असें नाहीं. तरी तो बोलतो तें पुष्कळसें तसेंच वाटतें. आणि येथें आम्हांस एक गोष्ट खटकते. जागा न व्यापणारें कांहींच नाहीं असें म्हणणारा हा मनुष्य शेवटीं ज्याच्यापुढें गुडघे टेकतो तें सत्य कोणत्या जागीं असतें? एकच सत्य हजार ठिकाणीं पूर्णपणें असूं शकतें, तर तें द्रव्य खासच नव्हे. लिव्हरपूलला त्यानें ज्या दाराला कुलूप लावलें, त्याच दारानें तो पुढें स्वतः बाहेर पडला.

ब्रिघम यंगला हें मुळींच खपलें नाहीं. तो सुतारकाम करणारा, व्यवहारी, खंबीर माणूस होता. गुणांना भजणें म्हणजे काय हें त्याला समजेना. आपला देव पिता आहे, व्यक्ति आहे, गुणांचें गांठोडें नव्हे, असें तो म्हणे. ह्या एका मुद्द्यावर आमचें मन यंगकडे झुकतें. मूल आपल्या बापाच्या गळ्यांत हात टाकतें, बापाच्या सद्गुणांच्या नव्हे. पण पुढें यंग असेंही शिकवी कीं, देव अजून वाढत आहे, ज्ञानांतही वाढत आहे, व सर्वकाळ वाढत राहील. वाढ थांबली कीं ऱ्हास आला. येथें प्रॅट अडून बसला. देव जर उद्यां कांहीं नवें शिकणार असेल तर आज त्याला तें ठाऊक नाहीं. आणि ज्याला सर्व ठाऊक नाहीं त्याच्या वचनावर आपला जीव कोणत्या भरंवशानें टाकावा? उद्यां त्याला असें कांहीं कळलें कीं ज्यायोगें त्याचें आजचें अभिवचनच मोडलें, तर? इ. स. १८३५ च्या त्या जुन्या व्याख्यानांतही हेंच सांगितलें होतें कीं, देव परिपूर्ण आहे हें जाणल्यावांचून त्याच्यावर विश्वास बसूं शकत नाहीं. शिवाय इ. स. १८५२ पासून यंग असें बोलूं लागला कीं आदाम हाच आपला पिता व देव. तेंही प्रॅटनें स्वीकारलें नाहीं, कारण शास्त्रांत तो मातीपासून केलेला सांगितला आहे.

इ. स. १८६० च्या जानेवारींत यंगनें प्रेषितांस एकत्र बोलाविलें व प्रॅटचे लेख त्यांच्यापुढें मांडले. एकामागून एक सर्वांनीं त्याला दोष दिला. तो एकटा पडला. जें आपणांस खरें वाटत नाहीं तें खरें वाटतें असें तोंडानें म्हणणें हा ढोंगीपणा होईल, तो आपल्यानें होणार नाहीं, अशा अर्थाचें तो बोलला. सर्वांनीं समजाविलें, धमकाविलें, विनविलें. दोन दिवसांनीं, रविवारीं, तो उपासनेच्या वेळीं लोकांपुढें उभा राहिला व आपण वादग्रस्त मतें छापलीं ही चूक झाली असें कबूल करून त्यानें क्षमा मागितली. त्याचें तें भाषण लक्षपूर्वक पाहिलें तर मतें प्रसिद्ध केल्याबद्दलचा पश्चात्ताप त्यांत आढळतो. मतें सोडल्याचा स्पष्ट उच्चार शोधावा लागतो. पांच वर्षांनीं, इ. स. १८६५ सालीं, मंडळीच्या वरिष्ठांनीं त्याच्या कित्येक लेखांचा निषेध करणारें जाहीर पत्रक काढलें. त्यालाही त्यानें मान तुकविली.

तो भित्रा होता काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. इ. स. १८४२ सालीं मंडळीबाहेर जाणें कसें असतें हें त्यानें चाखलें होतें. आपल्या मंडळीला देवाचा अधिकार आहे हें तो मनापासून मानी, व यंगच त्या अधिकाराचा धारक हेंही मानी. आणि तरी यंग ह्या बाबतींत चुकतो असेंही त्याला वाटे. ज्यानें हें दोन्ही खरोखर मानलें त्यानें काय करावें, हें बाहेर उभें राहून सांगणें सोपें आहे. लूथरसारखा तो निघून गेला नाहीं ह्याची आम्हां प्रोटेस्टंटांस चुटपुट लागते. परंतु ज्याला दुसरें घरच नाहीं असें वाटतें त्याच्या बंडाची वाट पाहण्याचा आपणांस काय अधिकार?

एका बाबतींत मात्र त्याचा आज्ञाधारकपणा आम्हांस रुचत नाहीं. ता. २९ ऑगस्ट १८५२ रोजीं सॉल्ट लेक शहरीं भरलेल्या परिषदेंत बहुपत्नीत्व हें आमचें धर्ममत आहे असें प्रथम उघडपणें जाहीर करण्याचें काम यंगनें प्रॅटवरच सोंपविलें. ज्याचें घर त्या मतापायीं दहा वर्षांपूर्वीं मोडतां मोडतां राहिलें होतें, त्याच्यावर! त्यानें तें केलें, व त्या मताच्या समर्थनासाठीं पुढें वॉशिंग्टन शहरांतून एक मासिकही चालविलें. त्याच परिषदेंतून हिंदुस्थानाकडे उपदेशक रवाना करण्यांत आले. त्यापूर्वींच, इ. स. १८५१ सालीं, ह्यू फिंडले नांवाचा त्यांचा उपदेशक मुंबईस उतरला होता, व मुंबई आणि पुणें येथें त्यानें लहानशी मंडळी जमविली होती. बहुपत्नीत्वाची बातमी इकडे येतांच त्यांच्या कामास मोठा धक्का बसला, आणि १८५६ पर्यंत त्यांचे बहुतेक उपदेशक परतले. प्रॅटनें स्वतः दहा स्त्रियांशीं लग्नें केलीं. त्याला एकंदर ४५ मुलें झालीं. एवढ्या संसाराला त्याची मिळकत कधींच पुरली नाहीं, आणि तो स्वतः बहुधा परदेशांतच. पहिली पत्नी सारा त्याच्यापासून दुरावली व पुढें बहुपत्नीत्वाची कडवी विरोधक झाली. द्रव्याच्या प्रत्येक कणाला इच्छा आहे असें मानणाऱ्या ह्या मनुष्यानें साराच्या इच्छेचा विचार किती केला, हें विचारावेंसें वाटतें.

वादविवादांत मात्र त्याची कीर्ति मोठी. इ. स. १८७० च्या ऑगस्टांत अमेरिकेच्या वरिष्ठ सभेचा धर्मगुरु, मेथोडिस्ट पाळक जॉन न्यूमन, हा शास्त्राच्या आधारें बहुपत्नीत्व खोडून काढावें म्हणून सॉल्ट लेकला आला. मॉर्मनांच्या भव्य मंदिरगृहांत हजारों लोकांपुढें तीन दिवस वाद झाला. लेवीय पुस्तकाच्या अठराव्या अध्यायांतील अठराव्या ओवीच्या इब्री शब्दांवर बराच वेळ गेला. न्यूमनला वाटलें होतें कीं समोर अडाणी माणूस असेल. पण प्रॅट इब्री शिकलेला होता, व त्यानें पाळकास सहजासहजीं पुढें जाऊं दिलें नाहीं. दोन्ही पक्षांनीं आपला जय झाला असें सांगितलें. त्यानंतर वीस वर्षांनीं, इ. स. १८९० सालीं, त्या मंडळीचा पुढारी विलफर्ड वुडरफ ह्यानें बहुपत्नीत्व थांबविण्याचें जाहीर केलें. तें वाद हरल्यामुळें नव्हे, तर सरकारी कायद्याच्या दडपणामुळें.

म्हातारपणीं त्याला पुन्हां गणिताचा विसावा मिळाला. तृतीय व चतुर्थ घाताचीं समीकरणें सोडविण्याच्या सोप्या रीतीवरील त्याचें पुस्तक १८६६ सालीं निघालें होतेंच. मंदिराच्या आवारांतील एका लहानशा वेधशाळेंत तो रात्रीं तारे पाही. इ. स. १८७९ सालीं त्यानें मॉर्मनच्या पुस्तकाची नवी आवृत्ति तयार केली. आज त्या पुस्तकांत जी अध्यायांची व ओव्यांची विभागणी आहे ती त्याचीच.

एक घाव शेवटीं राहिला होता. इ. स. १८७५ सालीं यंगनें प्रेषितांच्या ज्येष्ठतेचा क्रम बदलला. इ. स. १८४२ सालीं जे पांच महिने प्रॅट मंडळीबाहेर होता ते आतां हिशेबांत धरले गेले, आणि जॉन टेलर त्याच्या पुढें गेला. दोन वर्षांनीं यंग मरण पावला. जुना क्रम असता तर पुढारीपण आधीं ऑर्सन हाइडकडे व १८७८ सालीं हाइड मरण पावल्यावर प्रॅटकडे आलें असतें. तें टेलरकडे गेलें. पत्नीच्या बाजूस उभें राहिल्याची किंमत तेहतीस वर्षांनीं अशी वसूल झाली. प्रॅटनें ह्याबद्दल तंटा केला नाहीं.

ज्या प्रश्नासाठीं त्याला क्षमा मागावी लागली त्याचा मात्र निकाल निराळा लागला. आदामाविषयींचें यंगचें मत १९७६ सालीं त्या मंडळीच्या अध्यक्षानें जाहीरपणें नाकारलें. आणि १९८० सालीं ब्रूस मॅककॉंकी नांवाच्या त्यांच्या एका प्रेषितानें, देव अद्याप ज्ञानांत वाढत आहे असें मानणें हें पाखंड होय, असें सांगितलें. म्हणजे प्रॅटचें जें म्हणणें १८६० सालीं दोषास पात्र ठरलें तेंच शंभराहून अधिक वर्षांनीं एका प्रेषिताच्या तोंडून शुद्ध मत म्हणून बाहेर पडलें. त्यांच्यांतील कांहीं विद्वान् आजही यंगच्या बाजूनें लिहितात, असें आम्हीं वाचलें आहे.

ऑर्सन प्रॅट मधुमेहानें बरेच दिवस आजारी होता. इ. स. १८८१ च्या सप्टेंबरांत, आपल्या सत्तराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीं, तो सॉल्ट लेकच्या मंदिरगृहांत शेवटचें बोलला, व ता. ३ ऑक्टोबर रोजीं मरण पावला. १८३५ च्या बारा प्रेषितांपैकीं त्या मंडळींत राहिलेला तोच शेवटला. आपल्या थडग्यावर काय लिहावें तें त्यानें आधींच सांगून ठेविलें होतें. शरीर थोडा वेळ निजलें आहे, साक्ष मात्र टिकून राहील, असा त्याचा आशय आहे. सॉल्ट लेक शहराच्या कबरस्थानांत त्याला पुरलें.

त्या वृद्ध शेतकऱ्याकडे आम्ही पुढल्या महिन्यांत पुन्हां जाणार आहों. ह्या वेळीं सात ह्या संख्येचें उदाहरण त्याला सांगून पाहूं.